‘अपूर्ण गरज’ आणि न विचारलेला प्रश्न

फ्रान्सचा जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरू लागला, तेव्हा ना गोळ्या होत्या ना तांबी. उरलेल्या युरोपात ही घसरण बहुतांशी १८७० नंतरची. बेल्जियममध्ये राहणीमान सारखं असलेल्या शेजारच्या गावांतही फ्रेंच बोलणाऱ्यांकडे मुलं आधी कमी झाली, फ्लेमिश बोलणाऱ्यांकडे नंतर. म्हणजे ज्यांच्यात ऊठबस, त्यांचं पाहून माणसं ठरवत होती.

पुढे हे विसरलं गेलं. १९५० आणि ६०च्या दशकांत गरीब देशांत घरोघरी पाहण्या सुरू झाल्या. आणखी मूल नको म्हणणाऱ्या अनेक बायका कोणतंच गर्भनिरोधक साधन वापरत नाहीत असं दिसलं, आणि त्या तफावतीतून ‘अपूर्ण गरज’ ही संज्ञा रुळली. पुढे धोरणं आणि निधी तिच्या आधारे ठरू लागले, म्हणून ती नीट तपासायला हवी. बाई विवाहित आहे, तिला दिवस जाऊ शकतात, निदान दोन वर्षं मूल नको आहे आणि साधन वापरत नाही, की ती गरजवंतांत मोजली जाते. ‘तुम्हाला साधन हवंय का?’ हे या मोजणीत येतच नाही. अविवाहित मुली तर बराच काळ हिशेबातच नव्हत्या. न वापरण्याची कारणं विचारली तेव्हा दुष्परिणामांची भीती आणि नवऱ्याचा विरोध पुन्हा पुन्हा समोर आला. नुसता पुरवठा वाढवून यातलं काय सुटणार? संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेने लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीचे हक्क मध्यभागी आणले, ते योग्यच झालं. पण तो हक्क बजावायचा असतो घरात.

झांबियातल्या लुसाकामधला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग हेच दाखवतो. गर्भनिरोधकांसाठीचं कूपन काही बायकांना एकटीला दिलं, काहींना नवऱ्यासमोर. एकटीला मिळालेल्यांनी ते जास्त वापरलं, इंजेक्शनसारखं लपवता येणारं साधन जास्त घेतलं. नको असलेली बाळंतपणंही घटली. पुढच्या पाहणीत मात्र याच बायका कमी समाधानी आढळल्या.

आता अनेक देशांची चिंता उलट आहे, मुलं फार कमी होण्याची; पण घरात काय चालतं याकडे दुर्लक्ष तेच. दक्षिण कोरियाने पालकांना रोख मदत देऊनही २०२३ मध्ये प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला. तिथे लग्नाबाहेर मूल होणं फार थोडं, आणि घरकामाचा भार एकटीवर पडणार असेल तर लग्नच नको म्हणणाऱ्या मुली पुष्कळ. २०२४ मध्ये दर ०.७५ झाला, त्याआधी, कोरोनाकाळात लांबलेली लग्नं लागायला सुरुवात झाली होती.