रेंज फुल्ल, पत्ता गुल

सदाशिव पेठेतल्या एखाद्या गजबजलेल्या अभ्यासिकेत सकाळी सातला आलेल्यांचं वाय-फाय सुरळीत चालतं. अकराला आलेल्याच्या लॅपटॉपवर मात्र रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात, 'कनेक्टेड' असंही येतं, पण एकही पान उघडत नाही. शेजारच्याचं चालतंय म्हणजे बिघाड आपल्याच लॅपटॉपमध्ये, असं समजून कुणी विंडोज नव्याने टाकून घेतो, कुणी वाय-फाय कार्ड बदलतो. खर्च करण्याआधी एक आकडा पाहावा.

कांड्या फक्त रेडिओ लहरींचा जोर सांगतात. पासवर्ड जुळल्यावरही लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांक, मिळावा लागतो. तो पाहायला स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, उघडलेल्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' इंग्रजी अक्षरांत (ipconfig) टाइप करून एंटर दाबा आणि वायरलेसखालचा आयपीव्ही४ पत्ता वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि ती फार सुंदर आहे. नव्याने आलेल्या लॅपटॉपला स्वतःचा पत्ता नसतो, राउटरचाही माहीत नसतो. म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच, हाक देतो: पत्ता देणारं कुणी आहे का? राउटर एक पत्ता देऊ करतो. लॅपटॉप 'हाच द्या' म्हणतो, राउटर 'दिला' म्हणतो. पत्ता मिळतो तो मुदतीवर. निम्मी मुदत उलटली की लॅपटॉप स्वतःहून ती वाढवून मागतो. मालक उठून गेला, तरी मुदत संपेपर्यंत पत्ता सहसा अडकूनच राहतो, खुर्चीवर वही ठेवून जागा धरावी तसा.

आता हिशोब करा. समजा, राउटरमध्ये १९२.१६८.१.१०० ते १९९ असे १०० पत्ते आणि २४ तासांची मुदत ठेवलेली आहे. साठ विद्यार्थी, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे १२० पत्ते हवेत. शिवाय काल संध्याकाळी येऊन गेलेल्यांचे पत्ते अजून सुटलेले नाहीत. उशिरा आलेल्याच्या हाकेला उत्तर येत नाही. काही प्रयत्नांनंतर विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता घेतं. त्यावर इंटरनेट चालत नाही. दर पाच मिनिटांनी ते पुन्हा हाक देतं, तेवढ्यात एखादी मुदत संपली असेल तर नेट 'आपोआप' सुरू होतं. यात दैवी काही नाही. आणि यावर 'बूस्टर' विकत घेण्यातही अर्थ नाही, कारण साधा बूस्टर कांड्या वाढवतो, पत्ते नाही.

उपाय राउटरमध्ये आहे. पत्ता मिळालेल्या एखाद्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही राउटरना १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाशी छापलेला असतो) आणि डीएचसीपीच्या पानावर पत्त्यांची सुरुवात २० वर, शेवट २५४ वर न्या. २३५ पत्ते झाले. २ ते १९ प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना कायमचे देता येतात. मुदत दोन तास करा. काही राउटर ती सेकंदांत मागतात, तिथे ७२०० लिहा. लॅपटॉपवर हाताने पत्ता टाकायचा मोह टाळा. तोच पत्ता राउटरने दुसऱ्याला दिला, तर दोघांचंही बंद पडू शकतं.

पत्ता १९२.१६८ चा असूनही पानं उघडत नसतील, तर आधी राउटरला आणि मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा: त्याच काळ्या खिडकीत ping आणि पुढे पत्ता लिहून उत्तर येतं का ते पाहा. पहिलं उत्तर येतं, दुसरं येत नाही, तर बहुधा बाहेरची लाइन बंद आहे. दोन्ही येतात, पण संकेतस्थळ उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, तपासा. लॅपटॉपची तारीख चुकली असेल तरी सुरक्षित पानं अडतात. नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर एअरप्लेन मोड पाहा, नाहीतर जुना लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आणि राउटर ५ वर ठेवलेला असेल.

डीएचसीपीतले बदल जतन करून राउटर बंद-चालू केल्यावर सगळ्यांना एकदा वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. बरेच राउटर बंद होताना जुनी यादी विसरतात, लॅपटॉप आणि फोन मात्र आपले जुने पत्ते धरून बसतात, आणि मग एकच पत्ता दोघांकडे जाऊ शकतो.