पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कर्करोग उलटल्यास)

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर उलटला, तर तो शरीरात कुठे आहे हे शोधून पुढचा उपचार ठरवण्यासाठी केली जाणारी तपासणी. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवर आढळणारे प्रथिन आहे. बहुतेक प्रोस्टेट कर्करोगांत त्याचे प्रमाण खूप वाढते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ किंवा फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून ते द्रव्य शिरेतून देतात आणि साधारण तासा-दीड तासाने पेट-सीटी स्कॅन काढतात. त्यात हे द्रव्य शरीरात जिथे साठते, त्या जागा चकाकताना दिसतात.

आजार उलटल्याची पहिली खूण रक्तात दिसते. ग्रंथी पूर्ण काढल्यावर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) जवळजवळ शून्यावर यायला हवे. ते ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत चढले आणि फेरतपासणीतही तसेच राहिले, की आजार उलटला असे धरतात. किरणोपचार झालेल्यांत ग्रंथी जागेवरच असल्याने नीचांकापेक्षा २ नॅनोग्रॅमची वाढ ही मर्यादा मानतात. या टप्प्यावर रुग्णाला बहुधा काहीही त्रास नसतो. साधा सीटी आणि बोन स्कॅनही बहुतेक वेळा काही दाखवत नाहीत. त्यामुळे पूर्वी काढलेल्या ग्रंथीच्या जागेवर अंदाजानेच किरणोपचार द्यावे लागत. आजार आधीच हाडांत पोचलेला असेल, तर लघवीचा आणि शौचाचा त्रास तेवढा पदरी पडे.

पेट स्कॅनने उलटलेला आजार शोधण्यासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये कोलीन आणि २०१६ मध्ये फ्लुसिक्लोविन या द्रव्यांना मान्यता मिळाली. पीएसएमएला चिकटणारे गॅलियमयुक्त पीएसएमए-११ हे द्रव्य जर्मनीतील हायडलबर्ग येथे विकसित झाले. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ६३५ रुग्णांच्या अभ्यासात पीएसए ०.५ पेक्षा कमी असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांमध्ये या स्कॅनने आजाराची जागा दाखवली. पीएसए ५ किंवा अधिक असलेल्यांमध्ये हे प्रमाण ९७ टक्के होते.

खरी अडचण इथेच आहे. पीएसए वाढू दिले तर स्कॅनमध्ये जागा सापडण्याची शक्यता वाढते, पण शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार पीएसए कमी असतानाच अधिक गुण देतात. म्हणून स्कॅन कोरा आला तरी आजार नाही असे समजू नये, आणि स्कॅनमध्ये काही दिसेपर्यंत किरणोपचार लांबवू नयेत. कोरा अहवाल पाहून निर्धास्त झालेल्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ही गोष्ट वेळ काढून समजावणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

जास्त दिसले म्हणजे रुग्णाचे जास्त भले झाले, असे आपोआप ठरत नाही. ते पडताळणारी महत्त्वाची चाचणी म्हणजे अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील एम्पायर-१. तीत फ्लुसिक्लोविन वापरले होते, पीएसएमए नव्हे. ग्रंथी काढलेल्या १६५ रुग्णांपैकी निम्म्यांचे किरणोपचार पेटनुसार काटेकोरपणे ठरवले. दूर किंवा हाडांत आजार दिसल्यास किरणोपचार नाहीत. ओटीपोटाच्या लसीका गाठींत दिसल्यास त्या गाठी आणि ग्रंथीची जागा. अन्यथा फक्त ग्रंथीची जागा. तीन वर्षांनंतर आजार पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण पेट गटात ७५.५ टक्के, तर नेहमीच्या तपासण्यांवर विसंबलेल्या गटात ६३ टक्के होते. अशा तपासणीचे मोल तिच्यामुळे बदललेल्या निर्णयावरून जोखायचे असते आणि या चाचणीने तेच केले.

मोजक्याच जागी आजार सापडला, तर तेवढ्याच ठिकाणी नेमके, तीव्र किरणोपचार देऊन हार्मोन उपचार पुढे ढकलता येतात. बेल्जियममधील ६२ रुग्णांच्या स्टॉम्प चाचणीत ही मुदत साधारण १३ महिन्यांवरून २१ महिन्यांपर्यंत गेली. चाचणी लहान होती. आयुष्य वाढते का, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

स्कॅनमधला प्रत्येक चकाकता ठिपका कर्करोगाचा नसतो. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि मूत्रपिंडे हे द्रव्य स्वाभाविकपणेच घेतात. मूत्राशयातल्या लघवीच्या चकाकीने शेजारचा बारीक आजार झाकला जातो. बरे होत आलेले फ्रॅक्चर, बरगडीतला निरुपद्रवी डाग, इतकेच काय क्षयाच्या गाठीही चमकू शकतात. क्षयरोग सर्रास असलेल्या भारतात ही शेवटची शक्यता विसरून चालत नाही. शंका असेल तिथे बायोप्सी घ्यावी.

गॅलियम-६८ चे अर्धायुष्य ६८ मिनिटांचे असते, त्यामुळे ते रुग्णालयातच जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून मिळवतात. फ्लोरीन-१८ साठी सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी अणू तयार करणारे मोठे यंत्र, लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडून उपचारही करतात. त्याआधी हे द्रव्य गाठींमध्ये पुरेसे शोषले जाते की नाही, हे याच स्कॅनने पाहतात. भारतात हे ल्युटेशियम मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीत तयार होते.