टायरचा दाब: गेजवरचा दशांश आणि गेजची अचूकता

डिजिटल गेजवर ३२.४ दिसले की थोडी हवा सोडायची आणि ३२.० आले की दाब अगदी नेमका झाला असे मानायचे, ही पद्धत चुकीच्या समजुतीवर उभी आहे. गेज किती बारीक आकडा दाखवते आणि तो आकडा खऱ्या दाबाच्या किती जवळ असतो, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. वेष्टनावर पहिली ठळक छापून दुसरी बारीक अक्षरांत लपवली जाते, याची मला मनस्वी चीड आहे.

बारीकपणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पडद्यावरचा आकडा ०.१ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) टप्प्याने बदलतो की ०.५ च्या, एवढाच तो प्रश्न आहे.

अचूकता बहुधा टक्क्यांत दिलेली असते आणि खरी गफलत तिथेच होते, कारण तो टक्का कशाचा हे कोणी विचारत नाही. ० ते १५० पीएसआय मोजणाऱ्या गेजची अचूकता ‘पूर्ण श्रेणीच्या १ टक्का’ असेल, तर रीडिंग कितीही असले तरी दोन्ही बाजूंना १.५ पीएसआयची चूक संभवते, म्हणजे ३२.० दिसत असताना खरा दाब ३०.५ असू शकतो किंवा ३३.५ सुद्धा. तोच १ टक्का ६० पीएसआयपर्यंतच्या गेजवर ०.६ होतो, आणि टक्का रीडिंगचा असेल तर ३२ वर जेमतेम ०.३. तिन्ही गेज दशांश मात्र सारख्याच ऐटीत दाखवतात. म्हणून नेहमीच्या कारसाठी ६० पीएसआयच्या आसपास संपणारी श्रेणीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

हाती असलेले गेज तपासायचे असेल, तर एकाच टायरवर ते लागोपाठ दोन-तीनदा सरळ दाबून लावावे. हवा निसटू न देताही रीडिंग एक-दोन पीएसआयने हलत असेल, तर ते गेज बाद समजावे. रीडिंग स्थिर असेल, तर कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी जुळवून घेतलेल्या गेजशी ३२ च्या आसपासच तुलना करून पडणारा फरक लिहून ठेवावा. स्थिर फरक वजा करता येतो, हलणारा येत नाही.

किती दाब भरायचा, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

शिवाय पट्टीवरचा दाब थंड टायरसाठी, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतरचा असतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर लगेच ०.४ पीएसआयची हवा सोडत बसणे व्यर्थ आहे. टायर थंड झाल्यावर दाब हव्या त्या आकड्याच्या खालीच जाईल.