कोथिंबीर (मराठवाड्यातील घरगुती स्वयंपाक)

कोथिंबीर म्हणजे धने ज्या रोपाला येतात त्याच रोपाची कोवळी पाने आणि दांडे. शास्त्रीय नाव कोरिअँड्रम सॅटायव्हम. कूळ जिरे, ओवा, बडीशेप आणि गाजर यांचे. मूळ ठिकाण भूमध्य समुद्राचा परिसर व पश्चिम आशिया हे मानले जाते. संस्कृतात कुस्तुंबरी, कन्नडात कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर अशी नावे आहेत आणि मराठी नावाचे त्यांच्याशी नाते उघड दिसते. मराठवाड्यात बोलताना ‘कोथमीर’ हेच रूप जास्त ऐकू येते. इथल्या दखनी उर्दूतही तेच चालते. विदर्भाला लागून असलेल्या पट्ट्यात तिला ‘सांबार’ म्हणतात. त्यामुळे ‘भाजीत सांबार टाक’ हे वाक्य ऐकून इडलीबरोबरचे सांबार आठवणारा पाहुणा हमखास गोंधळतो.

पाककृतींच्या पुस्तकांत कोथिंबीर शेवटच्या ओळीत येते: ‘वरून कोथिंबीर भुरभुरावी’. मराठवाड्यातल्या घरात तिचे काम एवढ्यावर संपत नाही. हिवाळ्यात ती मुठीने, कधी जुडीने पदार्थाच्या आत जाते आणि भाजीचे काम करते. उन्हाळ्यात चार दांडे मिळाले तरी ते जपून वापरतात. एकाच घरातला तोच पदार्थ पौषात हिरवागार आणि वैशाखात पिवळट दिसतो, याचे कारण सुगरणीच्या हातात नाही, विहिरीच्या पाण्यात आहे.

हंगाम आणि पाणी

धन्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्यापूर्वी धने चपलेखाली किंवा पाट्यावर हलके रगडून त्यांच्या दोन फाका करतात आणि रात्रभर भिजवतात. रोप वर यायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. साधारण ३५ ते ४५ दिवसांत कोथिंबीर काढणीला येते. रब्बीत शाळू-हरभऱ्याच्या कडेला, कांद्याच्या वाफ्याच्या बांधावर घरापुरते धने टाकण्याची रीत आहे. थंडीत पीक सावकाश वाढते, पाने रुंद होतात, वास भरतो. ऊन तापले की रोप घाईने फुलावर येते, पाने बडीशेपेसारखी बारीक होतात आणि दांडे जरड. पावसाळ्यात संततधार लागली तर काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे सडतात. म्हणूनच हिच्या भावाला ताळतंत्र नाही. एका आठवड्यात भाजीवाली मिरच्यांबरोबर दोन काड्या फुकट टाकते, आणि पुढच्याच महिन्यात मागितल्या तर तोंड फिरवते. बाजारात आवक वाढली की शेतकऱ्याला काढणीची मजुरीही सुटत नाही. उभ्या वाफ्यात जनावरे सोडलेली दिसतात.

धुण्याचा भाग छोटा वाटतो, पण काळ्या मातीच्या मुलखात तो महत्त्वाचा आहे. जुडी नळाखाली धरली तर चिखल पानांच्या बेचक्यात अडकून राहतो. मोठ्या पातेल्यात बुडवून, हलवून, कोथिंबीर वर उचलून घ्यावी; माती तळाशी बसते. उचलायच्या ऐवजी पातेले चाळणीवर ओतले तर तीच माती पुन्हा पानांवर येते. असे दोन-तीनदा करावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षांत पातेल्यातले शेवटचे पाणी तुळशीला किंवा परसातल्या कढीपत्त्याला जाते.

आत घालायचे पदार्थ

सर्वांत सोपा पदार्थ म्हणजे कोथिंबिरीचे बेसन. मराठवाड्यात पिठल्याला ‘बेसन’च म्हणतात, पातळ असो की कोरडे. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि कांदा परतायचा, हळद-तिखट घालून दोन मुठी चिरलेली कोथिंबीर टाकायची, ती बसली की वरून कोरडे हरभऱ्याचे पीठ भुरभुरत हलवायचे आणि पाण्याचे दोन हबके मारून झाकण ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटांत भाकरीबरोबर खायला तयार. घरात भाजी नसलेल्या दिवसाचा हा पदार्थ आहे, पण हिवाळ्यातल्या कोथिंबिरीचा केला तर भाजी असलेल्या दिवशीही मागून खाल्ला जातो.

कोथिंबीर वडी महाराष्ट्रभर होते. ती फसते ती बहुतेक वेळा पाण्याने. धुतलेली कोथिंबीर कापडावर पसरून पुरती कोरडी करावी आणि मगच चिरावी. तीत मीठ, हळद, तीळ, ओवा आणि लसूण-मिरची-जिऱ्याचे वाटण घालून दहा मिनिटे ठेवली की मिठामुळे तिला स्वतःचे पाणी सुटते. मग त्यात मावेल एवढेच बेसन आणि कुरकुरीतपणासाठी मूठभर ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ. आधी पीठ घेऊन त्यात कोथिंबीर टाकणारे घर नुसत्या बेसनाची वडी खाते. लांबट उंडे करून तेल लावलेल्या चाळणीत १५ ते २० मिनिटे वाफवावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावेत. गरम उंडा सुरीला चिकटतो आणि वडी मोडते. नंतर तळतात किंवा तव्यावर थोड्या तेलात परततात. करडईच्या तेलात परतलेल्या वडीला एक वेगळा खमंगपणा येतो. करडई हे या भागाचे जुने तेलबियांचे पीक, जरी आता घाण्याचे तेल सगळीकडे मिळत नाही.

धपाटे ही मराठवाड्याची खास ओळख. थालीपिठाशी त्यांची गल्लत होते, पण थालीपीठ भाजलेल्या धान्यांच्या भाजणीचे असते आणि धपाटे कच्च्या पिठांचे. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, तीळ, ओवा, हळद, लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ आणि किमान वाटीभर चिरलेली कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचे, मध्ये भोके पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटायचे आणि फडके सोडवून घ्यायचे. धपाटे थापताना होणाऱ्या आवाजावरूनच नाव पडले असे सांगतात. व्युत्पत्ती पक्की असो नसो, आवाज मात्र खरा आहे. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. बिनकांद्याचे धपाटे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात, म्हणून एसटीच्या प्रवासाला आणि वारीला तेच बांधून नेतात.

ठेच्यात कोथिंबिरीचे दांडे घालावेत, पाने नव्हेत. तव्यावर तेलाचे बोट फिरवून मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजायचे, दांडे शेवटी टाकायचे आणि मीठ घालून तव्यावरच वाटीच्या बुडाने रगडायचे. दांड्यांना वास पानांइतकाच असतो आणि रगडल्यावर ते जास्त रस सोडतात. पानांतला सुगंध मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या, चटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. उकळत्या आमटीत आधी घातलेली पाने म्हणूनच काळी आणि निर्वास होतात. दांडे फोडणीत, पाने गॅस बंद केल्यावर, ही विभागणी घराघरांत शास्त्राचे नाव न घेता पाळली जाते. काही लोकांना मात्र कोथिंबिरीचा वास साबणासारखा येतो. वास ओळखणाऱ्या एका जनुकातील फरकाशी त्याचा संबंध आढळला आहे, तेव्हा ताटात ती बाजूला काढणाऱ्याला नखरेल म्हणणे बरे नाही.

सकाळच्या न्याहारीचा ‘सुशीला’ही इथलाच. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे परतून त्यात घालायचे, वर डाळव्याची भरड आणि भरपूर कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलका आणि स्वस्त.

एक वाटी आमटी

२०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी याच जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांनाही ते मिळाले, आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही. कागदावर या चार वेगळ्या नोंदी आहेत. चुलीवर पाहिले तर ते एक जेवण आहे: तूरडाळीची चिंच-गुळाची आमटी, वर कोथिंबीर, बाजूला ज्वारीची भाकरी. डाळ मऊ शिजवून घोटायची. तेलात मोहरी, जिरे, लसूण, सुक्या मिरच्या आणि कोथिंबिरीचे दांडे तडतडवायचे. काळे तिखट, चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ आणि डाळ घालून उकळी आणायची. पाने अगदी शेवटी, आणि झाकण लगेच. भाकरी कुस्करून खाण्याइतकी ती पातळ असावी. रोजच्या साध्या जिन्नसांच्या या आमटीला वासाची कोथिंबीर नसेल तर काहीतरी राहिल्यासारखे वाटते, आणि मोठ्या पानांची, बिनवासाची संकरित जुडी ती उणीव भरून काढत नाही.

येळवस

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागांत येळवस, म्हणजे वेळ अमावस्या साजरी होते. गावे ओस पडतात आणि सगळे शेतात जेवतात. त्या दिवशीच्या भज्जीत तूर, वाल, हरभरा यांचे ओले दाणे, शेंगदाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या बेसन लावून शिजवतात. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील मडक्यातून नेतात; तिला लसूण, मिरची आणि कोथिंबीर लावलेली असते. रब्बीचे रान हिरवे असते आणि कोथिंबीर वर्षातली सर्वांत चांगली असते. या दिवशी ती विकत आणत नाहीत, बांधावरून उपटतात. धुण्यासाठी विहीर जवळच असते.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या जेवणात कोथिंबिरीची आणखी एक वाट दिसते. नान-खलिया हा मांसाच्या पिवळसर रश्शाचा पदार्थ १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा सैन्याबरोबर आला, अशी लोकसमजूत आहे. खलियात धने वाटून आणि कोथिंबीर चिरून अशी दोन्ही रूपे पडतात. घरोघरी होणाऱ्या तहरीत, म्हणजे मसाल्याच्या पिवळ्या भातात, कोथिंबिरीबरोबर पुदिना येतो. तो मराठी घरांतल्या मसालेभातात क्वचितच असतो.

धने

पाने नसतात त्या महिन्यांत धन्यांवर निभावते. धन्यांतला वास लिनलूल नावाच्या द्रव्याचा, पानांपेक्षा वेगळा आणि गोडसर. म्हणून धनेपूड कोथिंबिरीची जागा घेत नाही, वेगळेच काम करते. काळ्या मसाल्यात सुक्या खोबऱ्याबरोबर धन्यांचे प्रमाण मोठे असते. लग्नघरात केल्या जाणाऱ्या येसरातही भाजलेल्या धान्य-डाळींबरोबर धने दळले जातात. ते पाण्यात कालवून फोडणी दिली की येसराची आमटी होते. उन्हाळ्यात धने-जिऱ्याचे पाणी पितात. धनत्रयोदशीला धने आणि गूळ यांचा नैवेद्य असतो, आणि साधारण त्याच सुमारास परसात पेरणी होते. बियाण्याची पुडी आणलेली नसेल तर मसाल्याच्या डब्यातलेच धने घेऊन रगडतात. ते खाण्यासाठी आणलेले आणि बहुधा जुने असल्याने निम्मेच उगवतात, म्हणून मूठभर जास्त टाकायचे.