निवांत घर आणि गुंगीतलं घर: प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची संस्था बघताना

साठी ओलांडलेल्या आईबापांचा प्रश्न सोलापुरात काय आणि कुठे काय, एकच असतो: "आमच्या माघारी पोराचं कसं व्हायचं?" मग निवासी संस्था बघणं सुरू होतं. बघून आल्यावर घरचे विचारतात, कशी आहे? उत्तर हमखास येतं, "चांगली आहे. एकदम शांत. कुणाची कटकट नाही."

मला तरी हे उत्तर ऐकून धास्ती वाटते. तीस-चाळीस प्रौढ माणसं एका छताखाली राहतात आणि दुपारी चारला कुणाचा आवाज नाही, हे कसं? शांतता दोन वाटांनी येते. माणसं रुळलेली असतात, त्यांना हातात काम आणि जवळ ओळखीचा माणूस असतो, ही एक. गोळी, कंटाळा किंवा भीती यांनी ती दबलेली असतात, ही दुसरी. तासाभराच्या भेटीत दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

निवांत घरात खरं तर थोडा गोंगाट असतोच. टीव्हीच्या रिमोटवरून वाद चाललेला असतो. तुम्ही आत शिरताच कुणीतरी पुढे येऊन नाव विचारतं, गाडी कुठली आणली विचारतं, हात धरतं. अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे असतात, मापाचे असतात. काळजीवाहक मावशींना विचारा, याला काय आवडतं? त्या लगेच सांगतात: याला चहा बशीतच लागतो, गड्ड्याच्या जत्रेत नेलं की पाळण्यापासून हलत नाही. आणि हे सांगताना त्या त्याच्याकडेही बघतात, त्यालाही बोलण्यात घेतात.

गुंगीतल्या घरात माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली असतात. पाहुणा आला तरी माना वर होत नाहीत. बारकाईनं बघा: तोंडातून लाळ गळते, चालताना हात हलत नाहीत, पावलं फरफटतात, बोटं थरथरतात. काही जण उलट एका जागी बसूच शकत नाहीत, सारखे पाय हलवत येरझाऱ्या घालतात. पुष्कळ आईबाप हे सगळं अपंगत्वाचाच भाग समजतात. पण रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल अशा मनोविकारावरच्या औषधांचे हे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. वजन वाढणं, मधुमेह, बद्धकोष्ठता हेही त्यांच्यामागून येऊ शकतं.

गोळी मुळात वाईट नाही. बौद्धिक दिव्यांग माणसाला मानसिक आजारही होऊ शकतो, आणि तेव्हा औषध लागतं. मात्र या दोन गोष्टी एक नव्हेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. घोटाळा होतो तो आजार नसताना, केवळ वागणं त्रासदायक वाटतं म्हणून गोळी चालू राहते तेव्हा. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं 2015 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तिथले 30,000 ते 35,000 बौद्धिक अक्षम प्रौढ, ज्या आजारासाठी औषध असतं तो आजार नसताना, अशी औषधं रोज घेत होते. ती कमी करण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथे देशभर मोहीम हाती घ्यावी लागली.

त्रासदायक वागण्याला बहुतेक वेळा कारण असतं. दात दुखतो, कानात मळ साचलेला असतो, पोट साफ होत नाही, पाळी आलेली असते. सांगता येत नाही म्हणून माणूस डोकं आपटतो, चावतो. आपल्या शहरात आणखी एक कारण भर घालतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरात किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाशी दिवसभर कुणी फक्त मराठीत बोलत असेल, तर तो "ऐकत नाही" असं त्याच्या नावावर लागायला वेळ लागत नाही. म्हणून संस्थेला आवर्जून विचारा: याच्या घरची भाषा बोलणारं इथे कोण आहे?

उलट बाजूही आहे. प्रत्येक सुन्नपणा औषधाचा नसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश लवकर सुरू होऊ शकतो. ऐकू कमी येणं तर सर्रास निसटतं. चांगली संस्था रक्ताच्या तपासण्या आणि कान-डोळ्यांची तपासणी ठरावीक काळानं करून घेते आणि कागद दाखवते.

सोलापूरचा उन्हाळा इथे वेगळा धरायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर असतो आणि यातली काही औषधं घाम येणं कमी करतात, त्यामुळे अंग तापतं आणि सांगायलाही येत नाही. त्यात रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच द्यायचं नाही, अशी "सोय" कुठे कुठे असते. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. जेवणाचंही तसंच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आपल्याला प्रिय, पण गुंगीतल्या माणसाला गिळायला त्रास होतो, घास अडकतो. ताटात काय आहे यापेक्षा तो घास कसा गिळतोय आणि शेजारी कोण बसलंय, ते बघा.

बघायला कधी जावं? वाढदिवसाच्या अन्नदानाच्या दिवशी तरी नको. त्या दिवशी सगळे आंघोळ करून, नवे कपडे घालून बसलेले असतात. साध्या वारी, न सांगता, संध्याकाळी जा. नोंदणीचं प्रमाणपत्र विचारा, 2016 च्या कायद्यानं ते सक्तीचं आहे. पण त्यावरून संस्था चालवण्याची परवानगी एवढंच कळतं. खरी माहिती औषधांच्या वहीत असते. कुठली गोळी, कशासाठी, कुणी लिहिली, शेवटचा फेरविचार कधी? "एसओएस", म्हणजे गरज पडल्यास द्यायची गोळी, महिन्यात किती वेळा दिली आणि त्या वेळी काय झालं होतं? वहीच नाही म्हणाले, तर उठून निघा.

माणूस आधीच आत असेल आणि शंका आली, तर गोळ्या स्वतः बंद करू नका. बौद्धिक अक्षम व्यक्तींमध्ये साधारण पाचातल्या एकाला फिट्स येतात, आणि फिट्सचं औषध अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. चिठ्ठी घेऊन सिव्हिलमध्ये किंवा बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि एकेक गोळी कशासाठी ते विचारा. अठरा वर्षांनंतर आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घेतलेलं असेल, तर कागदपत्रं मागताना संस्थेला टाळाटाळ करता येत नाही. मारहाण किंवा छळाचा संशय असेल, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे माहिती देऊ शकतं. तालुक्याला हे काम तहसीलदार बघतात.