इंधन पंप, यांत्रिक : गळती व दाब उतरणे

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जुन्या मोटारींत टाकीतले पेट्रोल खेचून कार्ब्युरेटरला पुरवणारा, इंजिनावर बसवलेला लवचीक पडद्याचा (डायाफ्रॅमचा) पंप. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसॅडर आणि कार्ब्युरेटरची मारुती ८०० या गाड्यांमुळे तो भारतात सर्वपरिचित आहे. गॅरेजात तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला, ‘एसी’ या पंप बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून, ‘एसी पंप’च म्हणतात.

आरंभीच्या मोटारींत पेट्रोल टाकीतून उताराने वाहत येई. फोर्ड मॉडेल टीची टाकी सीटखाली असल्याने पेट्रोल कमी असताना खडा चढ गाडी उलटी घेऊन चढावा लागे. त्यानंतर इंजिनाच्या निर्वाताने (शोषणाने) पेट्रोल ओढून घेणाऱ्या छोट्या टाक्या आल्या. पडद्याचा पंप १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला, असे साधारणपणे मानतात.

कॅमशाफ्टचा (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्याचा) लोब, म्हणजे उंचवटा, रॉकर या तरफेमार्फत पडदा खाली ओढतो. वर ढकलण्याचे काम पडद्याखालची स्प्रिंग करते. म्हणजे दाब ठरतो तो स्प्रिंगने, इंजिनाच्या वेगाने नव्हे. बहुतेक पंपांत तो चौ. इंचास २ ते ४ पौंड असतो. दाब वाढवण्यासाठी स्प्रिंग ताणणे चुकीचे. दाब जास्त झाला की कार्ब्युरेटरचा नीडल व्हाल्व (आत येणारे पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) उचलला जाऊन पेट्रोल ओसंडते.

गळतीची जागा पाहून दोष ओळखता येतो. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते. त्यातून पेट्रोल ठिबकले तर पडदा फाटलेला असतो, इंजिन ऑइल आले तर पडद्याच्या दांड्याचे सील गेलेले असते. हे भोक एम-सीलने बुजवणे घातक आहे, कारण बाहेर ठिबकणारे पेट्रोल मग इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली व पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. टाकीकडच्या नळीतली गळती मात्र ठिबकत नाही, ती हवा ओढते. त्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात.

दाब उतरत असल्यास पंप आणि कार्ब्युरेटर यांमध्ये टी-जोड देऊन गेज (दाबमापक) लावतात. इंजिन बंद केल्यावर काटा काही मिनिटे टिकला पाहिजे. लगेच पडत असेल, तर टी-जोडापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी चिमट्याने दाबून पुन्हा पाहावे. आता काटा टिकला तर दोष नीडल व्हाल्वचा; तरीही पडला तर पंपाचे व्हाल्व (पेट्रोल उलटे वाहू न देणाऱ्या झडपा) किंवा पडदा पाहावा. ही तपासणी न करता नवा पंप घेण्याची सवय सर्रास आढळते.

पंप खोलण्यापूर्वी इंजिन थंड करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. वरच्या व खालच्या भागावर कानशीने आडवी खूण करतात, नाहीतर नळ्यांची तोंडे भलतीकडे येतात. वाकलेला काठ काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात. दुरुस्तीच्या किटमधला नवा पडदा बसवताना रॉकर पूर्ण दाबून धरावा आणि स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. रॉकर सैल असताना आवळलेला पडदा प्रत्येक फेऱ्यात ताणला जाऊन काठाशी फाटतो.

पंप व इंजिन यांमधल्या बेकेलाइटच्या ठोकळ्याकडे दुर्लक्ष होते. तो उष्णता अडवतो, शिवाय पडद्याची चाल ठरवतो. ठोकळ्याबरोबर बसणारे पॅकिंग जाड झाले तर चाल कमी पडते व पेट्रोल अपुरे येते; पातळ झाले तर पडदा व रॉकर जादा ताणले जातात. फियाट १२४ वर आधारलेल्या लाडा या रशियन गाडीत ढकलदांड्याचे (इंजिनाची हालचाल पंपाच्या रॉकरला पोचवणाऱ्या दांड्याचे) टोक, आत गेलेल्या स्थितीत, ०.८ ते १.३ मिमी बाहेर राहावे लागते आणि त्यासाठी सुमारे ०.३, ०.७५ व १.२ मिमी जाडीची पॅकिंगे असतात. इतर गाड्यांत जुने पॅकिंग कॅलिपरने मोजून तेवढ्याच जाडीचे घालणे सर्वांत सुरक्षित.

घाटात तापलेली गाडी बंद पडण्याच्या कारणाबद्दल एकमत नाही. नळीत वाफ अडकणे हेच मूळ कारण मानून पंपावर ओले फडके टाकण्याची पद्धत चालकांत रूढ होती. दुसऱ्या मताने वाफ निमित्तमात्र आहे: झिजलेले व्हाल्व वाफ पुढे ढकलू शकत नाहीत, नुसती मागेपुढे हलवतात. फडक्याने गार झालेला पंप पुढच्या चढावर पुन्हा अडतो, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात २०२३ पासून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळू लागल्यावर पडद्याच्या रबराचा प्रश्न पुढे आला. इथेनॉलने जुने रबर फुगते वा कडक होते, म्हणून फ्लोरोरबराचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) पडदा व एसएई जे३० आर९ या इंधन-नळीच्या मानकाची नळी घ्यावी. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी ठेवल्यास पडदा सुकून तडकतो. तीत थोडे पेट्रोल ठेवून गाडी मधूनमधून त्यावर चालवतात.