मेंढपाळदृश्ये, जुन्या छापचित्रांतील

तांब्याच्या पत्र्यावर किंवा लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेली, मेंढपाळ, गुराखी आणि त्यांच्या जनावरांची युरोपीय चित्रे. सतराव्या शतकात हॉलंड आणि रोममध्ये ती भरपूर निघाली. गिऱ्हाईक बहुधा शहरातले, त्यामुळे चिखल आणि लंगडी मेंढी यांच्यापेक्षा निवांत बसलेल्या राखणदाराला जास्त जागा मिळाली. रोममध्ये राहिलेला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ याच्या १६३६ च्या अम्लरेखनात (पत्र्यावरच्या रेषा अम्लाने खोदून छापलेल्या चित्रात) गुरे पाण्यात उतरली आहेत आणि गुराखी खुशाल पावा वाजवतो आहे. आपल्याला इथे गोपाळकृष्ण आठवतो, पण तो मोह आवरावा. या परंपरेचे मूळ रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांत आहे. पहिल्याच गीतातला मेलिबियस जमीन हिरावली गेल्याने शेरडे हाकत देशोधडीला निघालेला असतो. नुकतीच व्यालेली शेळी आपली जुळी करडे उघड्या खडकावर टाकून आलेली असते. चित्रांत हे दुःख सहसा उतरत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडीच्या माळांवर धनगर-कुरुबरांचे कळप पाहिलेल्याला मात्र या चित्रांत काही गोष्टी चटकन दिसतात. डच चित्रकार निकोलास बेर्खेम (१६२०–८३) याच्या चित्रांत ओढ्यातून जनावरे उतरत असतात आणि खेचरावर किंवा गाढवावर बाई बसलेली असते. शहरी डोळ्याला ही सहल वाटते. आपल्याकडे घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या आणि कोकरे लादून निघालेला धनगरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, ज्याने पाहिला आहे, त्याला हे बिऱ्हाडच वाटेल आणि तो वाचनाचा चांगला आरंभ आहे. रोमभोवतालच्या माळावरचे कळपही हिवाळ्यात डोंगरातून खाली येत आणि उन्हाळ्यात परत चढत. आपल्याकडे मात्र हे चक्र पावसावर फिरते. त्याच जिल्ह्यातल्या पश्चिमेच्या खानापूरकडच्या झडीत मेंढरे टिकत नाहीत, म्हणून पावसाळा पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात काढायचा आणि पुढे शेतात रात्री मेंढरे बसवून खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. तेव्हा ओळख पटली तरी ऋतू आपला लावू नये.

छपाईचेही चकवे आहेत. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. म्हणून डाव्या हातातली काठी दिसली की मेंढपाळ डावखुरा ठरवण्याची घाई नको. मेंढरू काळे की पांढरे हे रेषांच्या दाटीवरून सांगता येत नाही, कारण ती दाटी अनेकदा सावलीची असते. दख्खनी काळी मेंढरे डोळ्यांत बसलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

धार्मिक दृश्ये निराळी. डच चित्रकार रेम्ब्राँटच्या १६३४ च्या अम्लरेखनात रात्री देवदूत येशूच्या जन्माची वार्ता मेंढपाळांना सांगतो. विषय बायबलचा, पण उजेड पडताच सैरावैरा उधळलेली जनावरे हे शुद्ध निरीक्षण आहे. डच चित्रकार पाउलस पॉटर (१६२५–५४) तर गुरांनाच नायक करतो; त्याच्या बैलाचे हाड न् हाड बाजारात पारख करणाऱ्याला पटेल.

सीमाभागात ‘कोरीव गुरे’ म्हटले की आधी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, आठवतो. त्याचे वाचन वेगळे : तो खालून वर पाहायचा. तळाच्या पट्टीत गुरे असली तर लढाई गोधनासाठी झाली, मधल्या पट्टीत वीराला अप्सरा नेतात, वर तो शिवलिंगापुढे बसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कन्नडमध्ये या गुरांच्या लुटीला ‘तुरुगोळ’ म्हणतात. तिथली गुरे कुणी निवांत चारत बसलेला नसतो.